सतरा गाड्यांचा कारखाना

९ नोव्हेंबर, रविवार

सापडली! कामरेजच्या पुढे, एका पटेलकाकांच्या गोठ्यात, कडब्याखाली. तीन चाकं, बेडकासारखे दोन दिवे आणि नाकावर गंजलेली अक्षरं – ‘तापीरथ’.

मी गाड्यांच्या सीटा शिवते; गेले होते ट्रॅक्टरच्या सीटचं माप घ्यायला. हातातली टेपच गळून पडली. लहानपणापासून ऐकत आले – बाबांनी तरुणपणी मोटारी बनवल्या. कामरेजला पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना, बाबा तिथे वेल्डर. दीड वर्षात सतरा गाड्या. मग पेट्रोल भडकलं, गिऱ्हाईक आटलं, कुलूप! पुढे बाबांचा सगळा जन्म लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर गेला. पण फोटो नाही, कागद नाही – विश्वास कोण ठेवणार? माझा भाऊ ललित तर पाहुण्यांसमोर म्हणतो, “आमच्या बाबांनी विमानपण बनवलं असेल!” बाबा हसतात. पण वरवर.

पटेलकाका म्हणाले, मंगळवारी भंगारवाला येतोय. मी जवळजवळ ओरडलेच – थांबा!

१० नोव्हेंबर, सोमवार

बाबांना घेऊन गेले. बाबा गाडीभोवती फिरले. दारावरून हात फिरवत खालच्या जोडापाशी थांबले. “हा टाका माझा, उज्जू. घाईत मारलेला. कारखान्याचे शेठ लई ओरडले होते.” मग एकदम पटेलकाकांकडे वळून – “हाई गाडी मी बनाडेल शे!”

काका पडले गुजराती, त्यांना आमची अहिराणी कुठली कळायला! पण बाबांचा चेहरा कळला. “लई जाओ दादा, तमारी ज छे.” घेऊन जा, तुमचीच आहे! बदल्यात मी त्यांच्या ट्रॅक्टरची सीट फुकट शिवून द्यायची. ठरलं.

येताना बाबा टेम्पोत मागेच बसले, गाडीला धरून. शहात्तर वय! ऐकतील तर शपथ.

११ नोव्हेंबर

अख्खी गल्ली बघायला लोटली. आमच्या गोडादऱ्यात एवढी गर्दी गणपतीलाच होते. आई तेवढी दारातून बघून आत गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

रिक्षावाले मेकॅनिक सुपडूभाऊ रोज येतात. इंजिनात उंदरांचा संसार निघाला! रिक्षाचे पार्ट बसतील म्हणतात. बाबा सकाळी सातलाच तयार. गुडघे दुखतात हे विसरलेच आहेत.

आज ललित आला. पॉलिश पेपर घेऊन गंज घासायला बसला. तासाभराने – “बाबा, शेठनी कारखाना बंद केला तेव्हा तुम्ही काय केलं?” बाबा सांगत राहिले. ललित घासणं सोडून ऐकायला जवळ सरकला. मला आत जाऊन डोळे पुसावे लागले.

३० नोव्हेंबर

गाडीची सीट झाली. लाल रेक्झिन, पांढरी पायपिंग. माझ्या मशीनवर आजवर इतकं सुंदर काही शिवलं नाही!

६ डिसेंबर, शनिवार

चालू झाली!!

तीनदा खोकली, काळा धूर सोडला, आणि मग – टुकटुक टुकटुक! बाबा रडले. सुपडूभाऊही रडले. मी भर रस्त्यात नाचले. शेहेचाळिसाव्या वर्षी! ललितने बाबांना मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाला. काय ते दोघंही सांगत नाहीत.

उद्या मैदानात फेरी.

७ डिसेंबर, रविवार

बाबा चालकाच्या जागी बसले. तेवढ्यात आई पदर खोचून पुढे आली. “उतरा. तुमले गाडी कोठे येस!” बाबा मुकाट उतरले. आई बसली, क्लच दाबला, गिअर टाकला – आणि गेली! बहात्तर वर्षांची माझी आई!

आम्ही आ वासून उभे. बाबा म्हणाले, “सतराच्या सतरा गाड्या पहिल्यांदा हिनेच चालवल्या. शेठ गिऱ्हाईकाला दाखवायचे – बघा, बाईमाणूस चालवतंय! तुझ्या आजोबांना लाज वाटली. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली आम्हा दोघांना. मला वाटलं, ती चालवणं विसरली असेल.”

आई थांबायला तयार नाही. चौथी फेरी चालू आहे.