कोंबडीच्या पायातली दोरी

अण्णा, काल मी वर्गात कोंबडीचे पाय घेऊन गेले होते. कराडच्या चिकनवाल्याला म्हटलं, "नुसते पाय द्या, वरच्या सांध्यातून कापा आणि आतल्या दोऱ्या लोंबत राहू द्या." तो म्हणाला, "सूप करायचं का, मॅडम?" म्हटलं, "नाही, शिकवायचंय." त्यावर त्यानं पिशवीला दोन गाठी मारून दिल्या. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. लेक मसाज शिकवते हे एक, आणि शिकवायला तिला कोंबडी लागते हे दुसरं.

पण ही अक्कल तुमचीच. तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आलात की आपल्या कडेगावच्या घरात रविवारची चूल तुमच्या ताब्यात. आई पायरीवर बसून सूचना द्यायची आणि तुम्ही त्यातली एकही ऐकायचा नाहीत. वाटण्या आधीच ठरलेल्या असायच्या. कलेजी आजोबांना, तंगड्या दादाला, पाय मला. तंगडी हवी म्हणत मी भोकाड पसरायचे. मग तुम्ही एक पाय उचलता, कापलेल्या टोकातून बाहेर आलेली पांढरी दोरी चिमटीत धरता आणि हळूच ओढता. मेलेली कोंबडी मूठ आवळते. माझं रडं जागच्या जागी थांबतं. "बोट तिकडं हलतंय, पर वढणारा वर हाय," तुम्ही म्हणता. "वर मांस, खाली हाड, आन् मधी ही दोरी. दोरी तुटली की मांस कितीबी जोर करू दे, बोट हलत न्हाई." एकदा तो पाय घेऊन मी काकूच्या मागं लागले, काकू थेट गोठ्यापर्यंत पळाली आणि आईनं आपल्या दोघांनाही फैलावर घेतलं. "अन्नाशी खेळत्यात व्हय? पोरीचं एक ठीक हाय, तुमाला कळाय नगं?" एवढा सुभेदार माणूस, पण मुकाट्यानं मान खाली घालून कांदा चिरायला लागलात.

आणि त्याच माणसानं पुढं, मी मसाजचा कोर्स करते म्हटल्यावर, माझ्याशी बोलणं टाकलं. "लोकांचं अंग रगडाय शिकणार? ह्याच्यासाठी शिकवली व्हय तुला?" यात आधी शरीर शिकावं लागतं, कुठला स्नायू कुठल्या हाडाला धरलाय ते कळावं लागतं, हे मी सांगत होते आणि तुम्ही पेपर आणखी वर धरत होतात. कोर्स मी केलाच, हट्टीपणा तुमच्याकडूनच आलाय. पण निवृत्तीनंतर तुमचा उजवा खांदा धरला, बनियन घालताना तोंड वाकडं व्हायला लागलं, तेव्हा मी हात पुढं केला की तुम्ही म्हणायचात, "खांदा माझा हाय, तू नगं काळजी करू." अर्ध्या गावानं दुखणारी पाठ मला दाखवली, मान दाखवली. तुम्ही खांद्याला हात लावू दिला नाहीत. ते मला लागलं, अण्णा. तुम्ही गेल्यावरही कितीतरी वर्षं लागत राहिलं.

तर काल. माझ्या वर्गात आटपाडीकडची एक मुलगी आहे, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा. बाकीची पोरं स्नायूंची नावं पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणतात आणि मनगट दुखतं म्हटलं की मनगटातच अंगठा रोवतात. म्हणून तर कोंबडीचे पाय. प्रत्येकाला दोरी ओढायला लावली. मग सांगितलं, ही दोरी म्हणजे कंडरा, आता स्वतःच्या कोपराखाली हात धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं नाचवा... नाही, चुकलं, ज्या हाताचं कोपर धरलंय त्याच हाताची बोटं. वर्गातही मी अशीच चुकले आणि पोरं हसली. मग सगळे तसं करून बघायला लागले. "मॅडम, हितं आत कायतरी पळतंय की," एक जण म्हणाला.

तेवढ्यात त्या मुलीचे वडील दारात उभे. "बाई, पोरीला न्यायला आलोय." मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "तुमी चांगलंच शिकवत असाल, पर गावात लोक इचारत्यात, पोरगी काय शिकती. काय सांगू? लोकांचं अंग चोळती?" मुलगी कोंबडीचा पाय हातात धरून तशीच उभी. अण्णा, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीपासून तयार होतं, चांगलं लांबलचक. आणि ऐन वेळी मी रिकामी खुर्चीच पुन्हा त्यांच्याकडे सरकवली. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी हातातली पिशवी उजवीकडून डावीकडे घेतली आणि ओठ दाबला. ते मुलीनं पाहिलं. "आबा, कुऱ्हाडीचा हात अजून दुखतोय नव्हं? द्या हिकडं." ते सगळ्या वर्गाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. आणि मग ते हात पुढं करतात.

तिनं त्यांना मनगट वर उचलायला लावलं आणि वरून हलकेच दाबून धरलं. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ आली. "मनगट उचलणाऱ्या दोऱ्या ह्या हाडाला बांधल्यात, आबा. मुठीत कुऱ्हाड धरून तुमी रोज मेंढरांसाठी डहाळं तोडताय, म्हंजी दिवसभर ह्या ताणताय." दुखऱ्या टोकाला तिनं हात लावला नाही, खालचं मांस सावकाश मोकळं करत राहिली. मग म्हणाली, "लगेच बरं न्हाई व्हायचं. थोडं दिस कुऱ्हाड दादाकडं द्या." शेवटी त्यांनी स्वतःच टेबलावरचा एक पाय उचलून दोरी ओढून बघितली, पुन्हा ओढली आणि खुर्चीवर बसले. "ऱ्हाऊ दे तिला," ते मला म्हणाले. "परीक्षा झाली की न्यायला येतो. ह्यो पाय नेऊ का? नातू खूश हुईल."

त्या मुलीसाठी मला आनंद झाला आणि तिचा हेवाही वाटला. तिला हात मिळाला, मला खांदा नाही मिळाला. पण रात्रीच्या भाजीसाठी कांदा चिरताना वाटलं, माझा पहिला वर्ग तर तुम्हीच घेतला होता, चुलीपुढं बसून, आणि ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तंगडीसाठी मी कधीच रडले नाही, अण्णा. तंगडी मला आवडतही नव्हती. मी रडले की तुम्ही दोरी ओढून दाखवायचात, म्हणून रडायचे.