सुरात गाणारी

प्रिय ठमे,

आमच्या पंक बँडचा इतिहास तू लिहायला घेतलास आणि तपासायला माझ्याकडे पाठवलास, म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यास. जुनी रेकॉर्ड पुन्हा निघते आहे, तिच्यासोबतची पुस्तिका गुरुवारी छापायला जायची आहे, म्हणून सकाळपासून लाल पेन घेऊन बसलो आहे. तुझी आई जाऊन चार महिने झाले. तिच्याबद्दल वाचताना मला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. चहा घेतला, कप विसळला, पुन्हा येऊन बसलो. तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की मूल होणार म्हणून गायिकेने बँड सोडला. ते मूल तूच. परवा फोनवरही म्हणालीस की माझ्यामुळे आईचं गाणं सुटलं. मी नुसतं हं म्हणालो.

आधी बाकीच्या चुका. सुरुवातीला आम्ही चौघं होतो, टायरच्या गोदामामागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून. गिटारवर काटा, अंगावर मांस नव्हतं म्हणून काटा. ड्रमवर वेल्डर, बास गिटारवर मी, गायला तुझी आई. काट्याला तीनच कॉर्ड येत, त्यातला एक चुकीचा. वेल्डर एकदा सुरू झाला की गाणं संपलं तरी थांबत नसे. पुढे तो बोटींच्या कारखान्यात गेला आणि त्याच्या जागी गणिताचे मास्तर आले. त्यांनी मोजूनमापून ताल सरळ केला आणि सगळी मजा घालवली. काटा तीनदा गेला, दोनदा परत आला. तू एकदाच धरलं आहेस. शेवटच्या वर्षी जुन्यांपैकी मी एकटाच उरलो होतो आणि लोक मला मालक समजत.

तू एक पद्धत मात्र लिहिली नाहीस, तुला ती कुणी सांगितलीच नसेल. आमच्यात पुढारी नव्हता. कुणी कुणाला तोंडाने जा म्हणायचं नाही, असं ठरलं होतं. सराव चालू असताना ज्याला बदल हवा त्याने आपल्या गिटारची वायर काढायची, वेल्डरने काठ्या खाली ठेवायच्या. बाकी तिघं थांबले की जो एकटा उरला तो गेला. चर्चा नाही, रडारड नाही. आणि जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला सगळी गाणी शिकवायची. आम्हाला हे फार न्याय्य वाटायचं.

पहिली गेली ती तुझी आई. तिचा दोष एवढाच की ती सुरात गायची. कितीही ओरडली तरी आवाज नेमका जागेवर बसायचा, समोरची पोरं उड्या मारायची थांबून ऐकत राहायची. पंकमध्ये हे शोभत नाही, असं काट्याचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं होतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी काट्याने वायर काढली, वेल्डरने काठ्या ठेवल्या. ती गात गात माझ्याकडे बघत होती. मी काढली. तिने कडवं पूर्ण केलं, मग ती पाणी प्यायली. नवी मुलगी, तिला आम्ही शिट्टी म्हणायचो, तीन आठवडे आमच्या स्वयंपाकघरात शिकायला यायची. बेसूर कसं गायचं तेसुद्धा तिला तुझ्या आईनेच शिकवलं.

तू डिसेंबरची. एप्रिलमध्ये तुझी चाहूल लागली. नवऱ्याने काढलं हे सांगण्यापेक्षा बाळाचं कारण बरं, म्हणून लोकांना ती तेच सांगत राहिली, आणि मी सांगू दिलं. फोनवर मी पुन्हा हं म्हणालो असतो, म्हणून हे पत्र. तुझं वाक्य खोडून त्या जागी 'नवऱ्यासह तिघांनी तिला काढलं' असं लिहिलं आहे, तसंच छाप. तुझ्या येण्याने तिचं काही सुटलं नाही. त्या रविवारनंतर ती घरात साधं गुणगुणलीसुद्धा नाही, ते माझ्यामुळे.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा