टाकीतला पंप तसाच ठेवला

उस्ताद, तुम्ही जाऊन तीसेक वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी कागदावर बोलायला बसलो आहे. तोंडासमोर तर कधी दोन वाक्यं धड बोललो नाही. पण जे झालं ते तुमच्याशिवाय कोणाला पुरतं कळणार नाही. माझ्या हातची एक गाडी जळाली. नुसती गाडी असती तर मी एवढा कागद खराब केला नसता. तिच्यापायी अल्लीपूरच्या टेलर मास्तरांचा उजवा हात जळाला.

टेलर मास्तर तुमच्यानंतरचे. कितीतरी वर्षांपासून आपल्या गॅरेजला हात पुसायला तेच कत्रण, कापून उरलेल्या चिंध्या, देतात. हिंगणघाटला कापड घ्यायला आले की मोटारसायकलच्या मागे गाठोडं बांधून आणतात, दारातच टाकतात आणि म्हणतात, "घ्या मिस्त्री, साऱ्या गावाचे सदरे बुडवा तुमच्या ग्रीसात." त्यातली पांढरी कत्रणं ते वेगळी बांधून देतात, कारण आपल्याकडे पांढऱ्या फडक्याचा काय मान आहे हे त्यांनी पाहिलेलं आहे. तो मान तुम्ही घालून दिलेला. गाडी सोडण्याआधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, पेट्रोलच्या नळीखाली धुतलेला पांढरा फडका धरायचा आणि मग तो नाकाला लावायचा. पेट्रोल उडून जातं, डाग ठेवत नाही, पण वास ठेवतं, असं तुम्ही म्हणायचे.

गिरणीतलं काम सुटल्यावर मी तुमच्याकडे आलो, तेव्हाची एक सकाळ आठवते. एक जीप मी फडका न लावताच सोडली होती. तुम्ही सायकल काढता, मला मागे बसवता आणि वडनेरच्या रस्त्याला लागता. जीपवाला चहाला थांबला म्हणून सापडला. टपरीवरच्या साऱ्या लोकांसमोर तुम्ही बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करून फडका धरला आणि माझ्या तोंडावर फेकला. वास होता. "काय बे, नाक घरी ठेवून आला का? गाडीले गॅरेजातच बोलू दे. रस्त्यावर बोलली त ऐकाले कोणी नसते." लोक हसले. मी रडायच्या बेतात होतो. संध्याकाळी तुम्ही तुमचं ते गोल मीटर, पेट्रोलचा जोर मोजायचं, माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "ठेव. याच्यावर भरोसा ठेवजो, पण आधी नाकावर." ते मीटर अजून माझ्याकडे आहे. काच तडकली आहे, सुई चालते.

नाक मात्र गेलं, उस्ताद. मागे ती मोठी साथ आली, तिच्या तापात गेलं आणि परत आलंच नाही. मला ते आमच्या स्वयंपाकघरात कळलं. मी चुलीजवळच बसलेलो, दूध उतू जाऊन भांडं काळं झालं, आणि सून अंगणातून धावत आली. "बाबा, तुमाले वास नाई आला?" मी म्हणालो, "डुलकी लागलती वं." ते पहिलं खोटं. त्यानंतर प्रत्येक गाडीचा फडका मी नाकाला लावतच राहिलो. हाताला ओल लागते का ते चाचपायचं, डोळ्यांनी थेंब शोधायचा आणि मान हलवायची. कोणाला कळलं नाही. गॅरेजात लोक कौतुकाने पाहायचे, म्हाताऱ्याचं नाक अजून शाबूत आहे म्हणून.

मास्तरांनी जुनी गाडी घेतली होती, इंजेक्शनची, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून इंजिनात फवारतो तसली. त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, गुडघे गेले, मोटारसायकलवर बसवत नाही, आणि त्यांचं माहेर रोहण्याला. उंदरांनी गाडीचं वायरिंग कुरतडलं आणि तिचा कॉम्प्युटर जळाला. त्या मॉडेलचा तो आता कुठेच मिळेना. मास्तर म्हणाले, "भंगारात टाकतो जी." मीच म्हणालो, "थांबा, मी हाय ना. कार्बोरेटर बसवून देतो." इंजेक्शनचं काम मला कोणी शिकवलं नव्हतं. पुस्तकं चाळून, गाड्या उघडून माझा मीच शिकलो होतो, आणि त्याची मला घमेंड होती.

तुम्ही या गाड्या उघडल्या नाहीत, म्हणून सांगतो. यांचा पंप टाकीच्या आत बुडालेला असतो, विजेवर चालतो आणि भयंकर जोराने पेट्रोल फेकतो. इंजेक्शनला तेवढा जोर लागतोच. पण कार्बोरेटरला तो म्हणजे तान्ह्या लेकराच्या तोंडात विहिरीवरच्या मोटारीचा पाइप. कार्बोरेटरची वाटी भरली की तिच्यात तरंगणारा फ्लोट सुईने पेट्रोलची वाट बंद करतो, हे तुम्हीच मला दाखवलं. जोर जास्त असला तर सुईला वाट अडवता येत नाही, पेट्रोल वाटीवरून वाहतं, आणि खाली तापलेलं इंजिन. आपला जुना पंप इंजिनच्या कुशीत बसायचा, पण या इंजिनला त्याची जागाच नाही. मग सरळ मार्ग एकच, टाकी उतरवायची, आतला पंप काढायचा आणि बाहेर कमी जोराचा, कार्बोरेटरसाठीचाच विजेचा पंप लावायचा. हे मला माहीत होतं, उस्ताद. माहीत नव्हतं असं मी कुठेच म्हणणार नाही.

पण तो पंप नागपूरहून यायला आठवडा लागणार होता, टाकी उतरवायची म्हणजे माझी कंबर, आणि काकूंच्या भाच्याचं लग्न तोंडावर. मी टाकीतला पंप तसाच ठेवला आणि नळीवर जोर कमी करायची डबी बसवली. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्यायला दुसरी नळी हवी होती, तीही टाकली नाही. तुमचं मीटर लावलं, गाडी रेस केली, सुई बरोबर जागी. गाडी हळू चालताना ती सुई सरकत वर चढते का, हे बघत उभं राहायला हवं होतं. मी मीटर काढून घेतलं.

काकू मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसल्या आहेत. मास्तर स्वतः खिशातून पांढऱ्या पॉपलीनचा कोरा तुकडा काढतात, "घ्या मिस्त्री, लग्नाच्या सदऱ्यातला हाय." मी तो नळीखाली धरतो. हाताला काही लागत नाही. नाकाला लावतो. सारे बघत आहेत. "काईच नाई," मी म्हणतो. "जा आरामात."

रोहण्याच्या अर्ध्या वाटेपर्यंतही गाडी गेली नाही. धूर दिसला म्हणून मास्तरांनी काकूंना उतरवलं आणि बॉनेट उघडलं, तसा जाळ बाहेर आला. बाही टेरिकॉटची, हातालाच चिकटली.

दवाखान्यात गेलो तर तेच माझी समजूत काढू लागले. "वास येऊन राह्यला होता जी मले. घरवाली बी मागून म्हणे, पेट्रोल येऊन राह्यलं. मी म्हटलं, मिस्त्रीनं फडका नाकाले लावला, आता तुह्या नाकाचं काय ऐकू?" आणि हसले. मग म्हणाले, "तुमचा काय दोष. पार्टच खराब निघाला असन." मी म्हणालो, "व्हय."

त्यांची बोटं आता कात्री धरत नाहीत. दुकानात त्यांची सून कापायला शिकते आहे. परवा तिच्या हाती गाठोडं आलं, नेहमीपेक्षा मोठं. "बाबांनी पाठवलं. माह्या हातानं वाकडं कापल्या जाते, म्हणून कत्रण लय निघून राह्यलं." आत पांढरी चिंधी वेगळी बांधलेली होती. मी गाठोडं घेतलं आणि तिला चहा पाजला.

उस्ताद, तुम्ही त्या टपरीवर मला जे बोललात ते कोणीतरी पुन्हा बोलावं म्हणून मी हे लिहीत असेन, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. खरं म्हणजे पहिला कागद मी मास्तरांच्या नावाने सुरू केला होता. दोन ओळी झाल्या आणि फाडला. अल्लीपूर इथून जवळ आहे, आणि मास्तर ते वाचून उत्तर देतील. म्हणून तुम्हाला लिहिलं.