मोहाच्या पानापाशी

दामिनी,

चंद्रपूरला वृक्ष-ओळख स्पर्धेला सोबत येईन म्हणालो होतो. येऊ शकत नाही. शाळेच्या साधनाबाईंबरोबर बसने जा. डबा चुलीजवळ ठेवला आहे.

गेल्या वर्षी ज्या मोहाच्या झाडाखालून वाघाने आईला नेलं, तिथेच बाबा आज फुलं वेचायला टोपली घेऊन निघाले आहेत. म्हणाले, "मोह पडून राह्यला. तिच्या झाडाले काऊन टाकाचं?" त्यांना एकटं जाऊ द्यायचं नाही, म्हणून मीही त्यांच्यामागे निघालो.

ऐन आणि अर्जुन पानांवरून ठरवू नकोस. साल चाचपून पाहा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, हे तुला आईनेच शिकवलं आहे.

मोहाचं पान समोर आलं, तर नाव लिही आणि पुढे जा. तिथे थांबू नकोस. तिथे आज आम्ही दोघं आहोत.

हेमराजदादा