कोचला सगळं माहीत असतं

१ डिसेंबर १९६१, शुक्रवार. तुळजापूर
डायरी जानेवारीत सुरू करणार होते. पण नळदुर्गचे कोच वीरभद्र मास्तर जानेवारीपर्यंत थांबतील असं दिसत नाही.

सतरा तारखेला धाराशिवला मुलींची खो-खोची मॅच, आमचं तुळजापूर विरुद्ध त्यांचं नळदुर्ग. त्यातून कमिटी जिल्ह्याच्या नऊ मुली निवडणार आणि एक कोच. टीम घेऊन औरंगाबादला जाणार तो कोच मीच असले पाहिजे. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्याला दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. सुट्टी कधी द्यायची हेसुद्धा नाही.

काल नळदुर्गच्या मुली सरावाला येऊन गेल्या. पळून पळून आमच्या मुलींची जीभ बाहेर आली. त्यांच्यातली एकही धापा टाकत नव्हती. निसर्गाविरुद्ध आहे. नळदुर्ग हमरस्त्यावर. हैदराबादला जाणारे ट्रकवाले जागं राहायला गोळ्या खातात हे सर्वश्रुत आहे. आणि खेळ सुरू होण्याआधी मास्तर कोटाच्या खिशातून प्रत्येकीला एक पांढरं काहीतरी देतात. मी स्वतः पाहिलं. सरळ विचारलं. म्हणाले, काय न्हाय बाई, जरा तोंड गोड.

तोंड गोड म्हणे. आपल्या टीमच्या पोटात काय जातं हे मला माहीत नाही असं म्हणणारा कोच एकतर आंधळा असतो नाहीतर लबाड. मी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कुणाच्या गालात चिंच आहे ते सांगू शकत असे.

३ डिसेंबर, रविवार
आजपासून टॉनिक. प्रार्थना झाल्यावर, रांगेत, प्रत्येकी एक चमचा. सिकंदराबादला कॉन्व्हेंटात हॉकीच्या मॅचआधी सिस्टर बर्नाडेट आम्हाला हेच इंग्लिश नर्व्ह टॉनिक देत. मुद्दाम तिथूनच मागवलं. औषध आणि टॉनिक यांतला फरक लोकांना कळत नाही. औषध चोरून घेतात. टॉनिक रांगेत घेतात.

आमची कॅप्टन कडू, माकणीच्या बलभीम पाटलांची मुलगी. तोंड वाकडं करून म्हणाली, बाई, लई कडू हाय. मी म्हटलं, मग घरचंच समज. सगळ्या हसल्या. ठराव: मैदानावर विनोद कमी करणे.

५ डिसेंबर
गुण दिसू लागला. शाळेचं दार वाऱ्यानं आपटलं तर नऊच्या नऊ मुली एकदम उडाल्या. याला म्हणतात अलर्टनेस.

शारदाची आई तक्रार घेऊन आली. म्हणाली, पोरगी रातभर डोळे टक्क उघडे ठिवून छताकडं बघत बसती, तुमी काय पाजता तिला? मी म्हटलं, आजवर तुमची मुलगी वर्गात झोपत होती, तेव्हा नाही आलात विचारायला.

बारीकसा दोष एकच. मागून पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येईपर्यंत बसलेल्या मुलीनं हलायचं नसतं. आमच्या मुली आधीच उठतात. मग फाऊल. अगदी कावळा ओरडला तरी उठतात. उत्साह जास्त झाला आहे, नर्व्हज् कमी पडताहेत. टॉनिक नर्व्हजचंच आहे. उद्यापासून दोन चमचे.

८ डिसेंबर, शुक्रवार
एसटीनं नळदुर्गला गेले. कारण विचारलं तर किल्ला पाहायला.

ट्रक थांबतात त्या हॉटेलात गेले. मालक गोरोबा नावाचा. विचारलं, इथं ड्रायव्हर लोक गोळ्या घेतात का? म्हणाला, घेत्यात की. तुमाला पायजे का, बाई? लांबचा पल्ला हाय का? उत्तर न देता बाहेर पडले. चहाचे पैसे द्यायचे राहिले. राहू देत.

किल्ल्याची चढण नळदुर्गच्या मुली पळत चढत होत्या. मास्तर मागून शिट्टी वाजवत होते. पहारेकऱ्यानं सांगितलं, रोजच चढत्यात, दोन साल झालं. दोन वर्षं. म्हणजे गोळी दोन वर्षं चालू आहे. त्यातली प्रेमला नावाची मुलगी बोलकी निघाली. तिच्याकडून एक पांढरी गोळी मिळवली. रुमालात बांधून आणली. पुरावा.

९ डिसेंबर, शनिवार. दुपारी
डॉक्टरकडे पाठवली तर तो वीरभद्रांच्या गावचा निघायचा. प्रयोग स्वतःवरच केला. गोळी फोडून अर्धी जिभेवर ठेवली.

आधी जिभेला गारवा. मग कान गरम. छाती धडधडू लागली. अंगात विलक्षण शक्ती आली. कपाट सरकवावंसं वाटलं. सरकवलं. मथुराबाई भांडी टाकून धावत आली, म्हणाली, बाई, उंदीर शिरला का? कमिटीपुढं मांडायच्या ठरावाचा मसुदा एका बैठकीत पुरा केला. माझ्या वयाला ही अवस्था, तर कोवळ्या मुलींचं काय होत असेल?

संध्याकाळी
मथुराबाईनं रुमाल धुवायला घेतला आणि त्यातली उरलेली अर्धी गोळी खाऊन टाकली. म्हणाली, पेपरमिंट हाय, आणिक हाय का? तिच्यावर परिणाम कसा होणार. दिवसभर तंबाखू चघळते.

१२ डिसेंबर, मंगळवार. धाराशिव
कमिटीची सभा. अध्यक्ष हिंमतराव. घरचा ऊस, घरचीच कमिटी. मी ठराव वाचला. मॅचआधी प्रत्येक कोचनं मुलींना जे काही खायला-प्यायला घालतो ते टेबलावर ठेवावं आणि डॉक्टरांनी तपासावं. उत्तेजक निघालं तर मुलींना दोष नाही, कारण मुली आ कर म्हटलं की आ करतात. त्यांचं नाव कापायचं नाही. कापायचं ते कोचचं. आणि 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

मुलींबद्दलचं कलम मी मुद्दाम घातलं. वीरभद्रांच्या पापाची फळं प्रेमलानं का भोगावी?

हिंमतराव म्हणाले, खो-खोत बी असलं चालतं व्हय? आमाला वाटलं अफू-बिफू पैलवानांतच. वीरभद्रांनी विचारलं, पण बाई, एखाद्याला खरंच ठाऊक नसलं तर? मी म्हटलं, मग त्याच्या हाती शेळ्यासुद्धा देऊ नयेत. ते म्हणाले, माझ्याकडं चार हायत. सभा हसली. ठराव मात्र एकमतानं पास. वीरभद्रांनीही हात वर केला. असल्या माणसांना अभिनय उत्तम जमतो.

१५ डिसेंबर
कडूच्या पोटऱ्या ताठतात. आज पळता पळता पाच-दहा सेकंद खांबासारखी उभी राहिली. म्हणाली, बाई, जबडा धरल्यावाणी होतोय. म्हटलं, बोलणं कमी होईल, दम वाचेल.

बाटली संपत आली. तळाशी दाट साका बसला आहे. सगळं सत्त्व तिथंच असणार. तो मॅचसाठी राखून ठेवला. बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं छापलं आहे. बाटल्या हलवत बसणं दारुड्यांना शोभतं.

१७ डिसेंबर, रविवार. धाराशिव
जे घडलं ते शांतपणे लिहिते.

मैदानावर टेबल, टेबलामागं नवा डॉक्टर. अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही. वीरभद्रांनी खिसा रिकामा केला. पांढऱ्या गोळ्या. डॉक्टरनं एक तोंडात टाकली, एक हिंमतरावांना दिली. म्हणाला, पेपरमिंट. हिंमतराव म्हणाले, चांगलं हाय. अर्थात आजच्यापुरत्या बदलून आणल्या असणार.

मग मी माझी बाटली ठेवली. वर क्रोशाचं झाकण होतं. डॉक्टरनं लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला. विचारलं, हे मुलींना कोण देतं? मी म्हटलं, मी. स्वतः. माझ्या हातानं. माझ्या टीमच्या तोंडात माझ्या नकळत पाण्याचा थेंब जात नाही. हे मी जरा मोठ्यानं म्हटलं, वीरभद्रांना ऐकू जावं म्हणून.

किती देता? दोन चमचे. यात नक्स व्हॉमिका आहे, ते काय असतं माहीत आहे? मी म्हटलं, लॅटिन.

तो म्हणाला, कुचला.

हिंमतरावांनी तोंडातली गोळी हातात काढली. म्हणाले, बाई, त्यानं तर आमच्याकडं पिसाळलेली कुत्री मारत्यात. मी म्हटलं, कुत्र्याचा डोस वेगळा आणि मुलींचा वेगळा. डॉक्टर म्हणाला, फार वेगळा नाही. जहर तळाला बसतं. आज दिलंत का? मी म्हटलं, तळचं दाट राखलं आहे, टॉस झाल्यावर देणार होते.

त्यानं बाटली आपल्या बॅगेत टाकली. परवानगी न घेता. नऊही मुलींना मांडवात आडवं केलं, नाड्या पाहिल्या, गुडघ्यांवर टिचक्या मारल्या. टिचकी मारली की पाय छपराकडे. मॅच रद्द.

हिंमतराव माझा ठराव काढून वाचू लागले. मसुदा उत्तम होता हे कबूल केलं पाहिजे. दोन शब्दांवर अडखळले, ते मी सांगितले. शेवटी विचारलं, बाई, तुमाला काय सांगायचंय का? सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते ग्राह्य धरलं जाणार नव्हतं.

खाली बसले.

२० डिसेंबर, बुधवार
कमिटीचा निर्णय आला. मुली निर्दोष. नळदुर्गच्या चार, माझ्या पाच, कडूच कॅप्टन. आठवडाभर विश्रांती, मग सराव. कोच वीरभद्र मास्तर.

पेपरात गोवा मोकळा झाल्याची बातमी. मथुराबाई म्हणाली, गोवा सुटला म्हणत्यात. तुमी बी सुटला. तिचा पगार वाढवण्याचा विचार रद्द.

२ जानेवारी १९६२
देवळाकडे जाताना मैदान लागतं. आज देवळात चार वेळा गेले.

मुली टॉनिकवाचून खेळताहेत. अलर्टनेस पार गेला. 'खो' मिळेपर्यंत दगडासारख्या बसून राहतात. शारदाला तर जांभया येत होत्या. सपाटून हरणार. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. मथुराबाई, दूधवाला आणि देवीचे पुजारी विष्णुपंत, एवढंच.

कडूनं पाहिलं मला. म्हणाली, बाई, बसा की इथं. थांबले नाही. घाईत होते.

२२ जानेवारी, सोमवार
जिंकल्या. औरंगाबादला, फायनल. ढाल मिळाली. एकही फाऊल नाही म्हणे.

कारण उघड आहे. उत्तम टॉनिक रक्तात दीड-दोन महिने टिकतं. त्याचा चटका गेला आणि ताकद मागं राहिली. म्हणजे विजय कुणाचा हे सांगायला नको. तरी सांगितलं पाहिजे. उद्या हिंमतरावांना भेटून सगळं समजावून देणार. माझी बाजू आता कुणीतरी ऐकेल.

२३ जानेवारी
निघायच्या आधी काय बोलायचं याची तालीम केली. मथुराबाईला हिंमतराव समजून समोर बसवलं. मी म्हटलं, मुली जिंकल्या त्या माझ्या टॉनिकच्या बळावर, ते अजून त्यांच्या अंगात आहे. ती म्हणाली, मंग ढाल परत द्यावी लागंल का वो पोरींना?

चपला घातल्या होत्या, काढल्या.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल. गच्चीवरून पाहिली. कडूनं ढाल डोक्यावर घेतली होती, बाजाराची पाटी घ्यावी तशी. मिरवणूक आमच्या गल्लीत वळली नाही. गल्ली अरुंद आहे.

२४ जानेवारी, बुधवार
हिंमतरावांकडे गेले नाही. पूर्ण विचार केला. टॉनिकचा अंमल अंगात फार तर दोन दिवस राहतो. असं कुठं लिहिलेलं सापडलं नाही, मी ठरवलं आहे.

मुली आपल्याच बळावर जिंकल्या.