झोपेचा रकाना

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

तीन गाड्यांना पोचे! तीन! एकीचा आरसा तर वायरीवर लोंबत होता. ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणतो, चढवल्या तेव्हाच अशा होत्या. मी शोरूमच्या यार्डात उभा राहून एकेक ओरखडा लिहून घेतला, फोटो काढले आणि मालकांना, विजयसिंहसाहेबांना, खाली बोलावलं. त्यांनी त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं काम तिथल्या तिथं बंद केलं.

आता पंचाईत. दसरा दोन ऑक्टोबरला. चौदा गिऱ्हाइकांना मुहूर्तावर गाडी पाहिजे, आणि गाड्या अजून तिकडं दिल्लीजवळ कारखान्यातच. साहेब म्हणाले, "मामा, नवा ट्रान्सपोर्टवाला तुमीच बघा. तुमी सोता गाड्या चालवत आणलायसा तिकडनं. तुमची सही झाली की मी डोळं झाकून काम देतो."

डिसेंबरात रिटायर व्हायचं. वाटलं होतं, हे तीन महिने चाव्यांचा बोर्ड सांभाळण्यात जातील.

९ सप्टेंबर

ऑफिसातल्या मोनानं तक्ता करून दिला. बावीस रकाने! विमा, परमिट, फिटनेस, लायसन, चाकं बांधायचे पट्टे, रॅम्प... पोरगी हुशार आहे. "काका, सगळीकडं टिक आली की झालं!" म्हणाली.

आमच्या वेळी एकच रकाना होता. आण्णा, म्हणजे साहेबांचे वडील, गाडी दारात आली की बॉनेटवर हात ठेवून बघायचे. मग आमच्याकडं बघायचे. "सगळे आलासा न्हवं?" बस्स.

११ सप्टेंबर

शिरोलीत पहिला ट्रान्सपोर्टवाला बघितला. मोठी कंपनी. काचेचं ऑफिस, भिंतीवर टीव्हीएवढा नकाशा, त्यावर ठिपके पळतायत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ट्रेलर. मॅनेजरनं कॉफी पाजली. कागद चोख. बावीसच्या बावीस टिक.

मी म्हणालो, ड्रायव्हरशी जरा बोलतो. मॅनेजर हसला. "ड्रायव्हरशी काय काम हाय, पावणं?"

तरी गेलो. नळावर एकजण तोंड धूत होता. तिकडचाच, उत्तरेचा. कधी निघालास? तीन दिवसांपूर्वी. एकटा? एकटाच. झोपलास कुठं? तो नुसता हसला. "सोएंगे ना चाचा, पहले गाड़ी खाली होने दो."

मॅनेजर सांगत होता, दिवसाला सहाशे किलोमीटर झालंच पाहिजे. थांबला की मोबाईल वाजतो, जास्त थांबला की पगार कापतात.

त्या माणसाचे डोळे बघितले. लाल नव्हते. लाल चालतात. उघडे होते, पण बघत नव्हते. असले डोळे मी ओळखतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. जेवून पडलो होतो, झोप काही येईना. सगळं जुनं वर आलं.

आम्ही पाचजण होतो. जाताना पुण्याहून रेल्वेनं, जनरलच्या डब्यात, पेपर अंथरून. कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दोन दिवस ताटकळायचो. मग पाच नव्या गाड्या ताब्यात मिळायच्या आणि एकामागोमाग एक निघायचो. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे. सतराशे किलोमीटर, पन्नास-साठच्या वर काटा न्यायचा नाही. पाचव्या दिवशी कोल्हापूर. सगळ्यांत पुढं मी. सगळ्यांत मागं आकाराम.

आकाराम! सीटांवरचं प्लास्टिक काढायला परवानगी नसायची. मे महिन्यात पाठीला चिकटून साल निघायची. पण हा पायताण काढून, हातात धरून आत बसायचा. "नव्या गाडीत पायताण घालून बसतोस? लाज न्हाय व्हय तुला?" मलाच ओरडायचा. घरनं भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी आणायचा, पण ती जातानाच रेल्वेत संपायची. मग येताना गुजरातभर जेवताना शिव्या. "आमटीत बी गूळ! ह्यांच्याकडं मीठ मिळंना झालंय व्हय रं?"

आणि चहाला थांबलं की हा चहा सोडून गाडी पुसत बसायचा. कुणाची गाडी, कोण गिऱ्हाईक, काही माहीत नसायचं. पुसायचा मात्र घरचं जनावर असल्यागत. एकदा एक वकील मीटर बघून भडकला. नवी गाडी आणि सतराशे किलोमीटर चाललेली कशी? आकाराम म्हणाला, "चालाय शिकवून आणलीया की, वकीलसाहेब! न्हाईतर तुमच्या दारात रांगत आली असती."

वकीलसुद्धा हसला.

पंचगंगेचा पूल आला की मागनं त्याचा हॉर्न. तीनदा. मग आम्ही सगळेच वाजवायचो. आज ट्रेलरवर बांधून आलेल्या गाड्या बघतो तेव्हा वाटतं, यांना वाटेतलं काहीच ठाऊक नाही.

चार वाजता बायको, संघप्रिया, चहा घेऊन आली. "कुणासंगं बोलालायसा?" म्हणाली. मी मोठ्यानं बोलत होतो की काय!

१६ सप्टेंबर

इचलकरंजीला गेलो. दुसरा ट्रान्सपोर्टवाला, पिराजी. पन्नाशीचा, बनियनवर, ट्रेलरखाली आडवा पडलेला. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, बाजूला यंत्रमागांचा खडखडाट, बोलायचं तर ओरडून!

"चार ट्रेलर हाईत. पर तीनच धरा. चौथ्याचं फिटनेस संपलंय, अजून झालं न्हाई. खोटं कशाला सांगू?"

ट्रेलर जुने. पण पट्टे कोरे, रॅम्पला ग्रीस. केबिनमागची झोपायची जागा बघितली. धुतलेली चादर, उशी, चार्जिंगवरचा पंखा. प्रत्येक गाडीवर दोन ड्रायव्हर. मी विचारलं, दसऱ्याच्या आत चौदा गाड्या?

"न्हाई जमायच्या."

असं तोंडावर कुणी म्हणत नाही.

"दोन ट्रेलर दुसऱ्या कामावर हाईत. एका खेपंत सहा आणतो. ऱ्हायलेल्या आठ दसऱ्यानंतर. माझी माणसं झोपणार, जेवणार, मग येणार. मी सोता ईस वरसं चालवलीया पावणं, मला सांगू नगा."

परत येताना एसटीत बसून मोनाच्या तक्त्यात पेनानं तेविसावा रकाना काढला. झोप.

१७ सप्टेंबर

तिसऱ्यानं विम्याचा कागदच दिला नाही. बाद.

१८ सप्टेंबर

साहेबांना दोन्ही तक्ते दिले. त्यांनी पिराजीचा वाचलाही नाही. शिरोलीच्या कंपनीवर बोट ठेवलं. "बावीस पैकी बावीस! आणि चौदाच्या चौदा गाड्या तीस तारखेला यार्डात, लिहून देत्यात. सही करा मामा."

मी तेविसावा रकाना दाखवला. त्यांनी वाचलं आणि हसले. "झोप? मामा, ही त्यांची त्यांनी बघायची गोष्ट हाय."

म्हणालो, उद्या सांगतो.

१९ सप्टेंबर

आज बोललो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांनी कागद पुढं केला. मी म्हणालो, सही होणार नाही. का? मग मी आकारामचं नाव काढलं. साहेब तेव्हा शाळेत होते. आकाराम त्यांना यार्डात मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला द्यायचा. त्यांचा चेहरा मऊ झाला. "आकाराममामांचं वाईटच झालं. पर त्यांनी ऐकलं न्हाई ना. आण्णा सांगायचे, तुमी थांब म्हणत हुतासा आन् ते पुढं गेले."

मी म्हणालो, आण्णांना तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे.

सत्त्याण्णवचा दसरा. आदल्या संध्याकाळी साताऱ्यात थांबलो होतो. नेहमीचा मुक्काम. आकाराम म्हणाला, "प्रसेन, डोळं मिटाय लागल्यात. हितंच पडू. फाटं निघू." आण्णांचा निरोप होता, सकाळी आठला पूजा, गाड्या दारात पाहिजेत. पण खरं सांगायचं तर आण्णांचं निमित्त. मला घरी पोचायचं होतं. थोरल्या लेकीचा पहिला दसरा. सकाळी विहारात कार्यक्रम होता, तिला पांढरं झबलं घालून न्यायचं ठरलं होतं. मी पुढारी होतो, माझा शब्द शेवटचा. मी म्हणालो, "च्या मार आन् चल."

तो चहाही न पिता फोन करायला गेला, आला, गाडीत बसला. पेठनाक्याच्या पुढं शेवटच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले. परत वळलो. उभ्या ट्रकला मागून धडकला होता. पायताण बाजूच्या सीटवर तसंच होतं.

पोलिसांना आणि आण्णांना मी सांगितलं, तो ऐकत नव्हता. मला नोकरी गमवायची नव्हती. आकाराम काही सांगायला येणार नव्हता.

साहेब बराच वेळ पेन उघडझाक करत बसले. मग म्हणाले, "जावा तुमी."

२० सप्टेंबर

कामावर गेलो. चाव्या पुसल्या.

२२ सप्टेंबर

मोना पळत आली. साहेबांनी पिराजीला काम दिलं! आठ गिऱ्हाइकांना साहेब स्वतः फोन करतायत. एकजण तर इतका ओरडत होता की मला काचेबाहेर ऐकू आलं. एकानं बुकिंग रद्द केलं. साहेबांनी मला बोलावलं नाही. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तक्त्यात तेवीस रकाने छापून घ्या."

१ ऑक्टोबर

पिराजीचा ट्रेलर आला. सहा गाड्या. ओरखडा नाही! दोन्ही ड्रायव्हर उतरले, आंघोळ केल्यासारखे ताजे. एकानं विचारलं, "मामा, हितं तांबडा-पांढरा रस्सा चांगला कुठं मिळतोय?" मी त्यांना स्वतः घेऊन गेलो.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी विहारात. संघप्रिया पांढऱ्या साडीत. थोरलीची मुलगी मांडीवर. दुपारी शोरूमला सहा गाड्यांची पूजा. हार, नारळ, पेढे. आनंद व्हायला पाहिजे होता.

संघप्रियाला परवाच सगळं सांगितलंय. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "सायबास्नी सांगून काय उपेग? जिचं गेलं तिला सांगितलासा काय?"

५ ऑक्टोबर, रविवार

कळंब्याला गेलो, आकारामच्या घरी.

दरवर्षी दिवाळीला जातो. फराळाचा डबा ठेवतो. त्याची बायको, अंबूवहिनी, "बसा" म्हणतात आणि आत जातात, त्या मी निघेपर्यंत बाहेर येत नाहीत. पोरगाच चहा आणून देतो. मला वाटायचं, ओळखलंय हिनं. बायकांना कळतं.

आज मी बसलोच नाही. दारात उभा राहून म्हणालो, "वहिनी, आज आत जाऊ नका." आणि सांगून टाकलं. साताऱ्याचं, चहा मार म्हटल्याचं, पोलिसांना सांगितल्याचं. मान वर करायचं धाडस झालं नाही. तिच्या पायांकडं बघत बोलत होतो.

तिनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग वळली आणि आत गेली.

मी थोडा वेळ थांबलो. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

चालत तळ्यापर्यंत आलो. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दहाला गेटवरून फोन. मामा, एक बाई आल्यात. बघतो तर अंबूवहिनी! वॉचमनच्या केबिनजवळ बाकड्यावर बसलेली, पदर घट्ट ओढून.

"परवा मला बोलाय जमलं न्हाई, भावजी. सताऱ्यासनं त्येंचा फोन आलता, शेजारच्या दुकानात. झोपून सकाळी येतो म्हणालं. मीच तोडून बोलले. म्हणलं, दर सणाला मी एकटीच. उद्या उजाडताना दारात न्हाई दिसलासा तर पोराला घिऊन म्हायेराला चालले. तुमी फोनपशी असशीला, तुमास्नी ठाव असंल, असं वाटत आलंय मला आजपातूर. तुमी आलासा की त्वांड दाखवू वाटायचं न्हाई. म्हणून आत पळायची."

शेजारी बसलो.

मग तीच म्हणाली, "घरात त्येंचं नावच काढलं न्हाई कवा. रस्त्यावर कसं असायचं हो ते? सांगा की कायतरी."

दुपारी दोनपर्यंत सांगत होतो.