फोनवर कसं बसायचं

ती. ताईस,

म्हणजे राग अजून गेला नाहीच. भावोजी गेले आणि पाठच्या भावाने फोनवर नुसतं सॉरी म्हटलं, “मोठा साहेब लागून गेलाय!” असं तू आईला म्हणालीस. कळलं मला. बरोबरच आहे तुझं.

पण ताई, इथे परदेशात लाँड्रीत दिवसभर तोच एक शब्द. ढकलगाडी पायाला लागली, सॉरी. पगार लांबला, सॉरी. माझ्या शेजारी इस्त्री करतो त्याची आई गेली, तेव्हा साहेब त्याला सॉरी म्हणाले आणि त्यांनी चादरींचा पुढचा ढीग दाखवला. त्यानेही मान हलवून चादर पसरली.

तुझा फोन आला तेव्हा माझ्याही तोंडून तेच गेलं. आपल्याकडे माणूस येतो, काही न बोलता जवळ बसून राहतो. फोनवर कसं बसायचं? मला रडूही आलं नाही. अजून आलेलं नाही.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. चिमी शाळेत जाते ना? आईला थोडे दिवस तुझ्याकडेच झोपायला ठेव.

तुझा धाकटा

ता. क. रजा मिळाली नाही. तिकिटासाठी साठवलेले सगळे तुलाच पाठवतोय, अठरा हजार.